राष्ट्राध्यक्षाची एकट्याची सही पुरे का? अमेरिकेतली पाळत, सुरक्षा आणि वॉरंट

पाऊलवाट

परवा आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला दोन-तीन कुटुंबं जेवायला होती, जेवणं झाल्यावर कलम ७०२ चा (अमेरिकेबाहेरच्या परदेशी लोकांचे फोन-ईमेल वॉरंटशिवाय घ्यायची मुभा देणारं कलम) विषय निघाला आणि एक मित्र म्हणाला, "अरे लपवण्यासारखं काही नसेल तर ऐकू देत की, देश सुरक्षित राहतोय ना?" मग तासभर वाद झाला पण तो सगळा टॅपिंग हवं का नको यावरच फिरत राहिला आणि मला जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, सवडीने वाचा.

टॅपिंग हवंच, आधीच सांगतो. बाँब ठेवणारी माणसं फोनवर बोलतात आणि ते कुणीतरी ऐकलंच पाहिजे. पण कुणाचा फोन ऐकायचा हे राष्ट्राध्यक्षाने ठरवायचं, आणि ते कायद्यात बसतं की नाही हेही त्यानेच ठरवायचं, हे मला पटत नाही. तो कागद आणखी कुणाच्यातरी टेबलावरून गेला पाहिजे, आणि त्या माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे.

अमेरिकेने हा धडा एकदा शिकलेला आहे. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने गुप्तचर खात्यांची दप्तरं उघडली तेव्हा जे बाहेर आलं ते वाचून आजही अंगावर काटा येतो. शॅमरॉक नावाच्या कामात १९४५ पासून तीस वर्षं तार कंपन्या परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या प्रती सरकारला देत होत्या, वॉरंट नाही काही नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोन टॅप करायची परवानगी ऑक्टोबर १९६३ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी (म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख) यांनी दिली होती, कारण काय तर त्यांच्या जवळच्या माणसांचे कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षाच. एफबीआय पुढे हॉटेलच्या खोल्यांमध्ये मायक्रोफोन लावण्यापर्यंत गेली आणि १९६४ मध्ये रेकॉर्डिंगची टेप आणि एक निनावी पत्र किंग यांना पाठवण्यात आलं, त्यातला मजकूर असा की जीव देण्याशिवाय तुला आता मार्ग उरलेला नाही. विचार करा, सुरक्षेच्या नावाने सुरू झालेलं काम एका वर्षात कुठे गेलं!

म्हणून १९७८ मध्ये फिसा, म्हणजे परदेशी गुप्तवार्ता पाळत कायदा झाला. गुप्त न्यायालय, गुप्त अर्ज, समोर दुसरा पक्ष नाही, तरी न्यायाधीश मात्र हवा. आणि घाई असेल तर? त्याचीही सोय कायद्यात होती, आधी ऐकायला सुरुवात करा आणि मग परवानगी मागा. सुरुवातीला ही मुदत २४ तास होती, ९/११ नंतर ७२ तास केली, २००८ पासून सात दिवस आहे. म्हणजे वॉरंट काढेपर्यंत अतिरेकी पळून जाईल हे कारणच उरत नाही.

तरीसुद्धा ४ ऑक्टोबर २००१ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एक गुप्त आदेश काढला आणि एनएसएला (फोन-ईमेलवर पाळत ठेवणारी गुप्तचर यंत्रणा) फिसा न्यायालयाला बाजूला ठेवून अमेरिकेतून बाहेर जाणारे-येणारे फोन, ईमेल घ्यायला परवानगी दिली. दर दीड महिन्याने त्याचं नूतनीकरण व्हायचं आणि त्यावर अ‍ॅटर्नी जनरलची सही लागायची. मार्च २००४ मध्ये न्याय खात्यातल्या वकिलांनीच सांगितलं की यातला काही भाग कायद्यात बसत नाही, आम्ही सही करणार नाही. अ‍ॅटर्नी जनरल अ‍ॅशक्रॉफ्ट तेव्हा स्वादुपिंडाच्या दुखण्याने वॉशिंग्टनमध्ये आयसीयूत होते आणि त्यांचे अधिकार उपप्रमुख जेम्स कोमी यांच्याकडे दिलेले होते. १० मार्चच्या रात्री कोमींना कळलं की व्हाइट हाउसचे वकील गोन्झालेस आणि चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड सही घ्यायला थेट हॉस्पिटलमध्ये निघालेत. कोमी सायरन लावून तिथे पोचले, जिना धावत चढले, खोलीत अंधार, अ‍ॅशक्रॉफ्ट जेमतेम शुद्धीवर. थोड्या वेळात ते दोघे पाकीट घेऊन आत आले. अ‍ॅशक्रॉफ्टनी उशीवरून मान उचलली, आपला आक्षेप काय आहे तो स्पष्ट सांगितला आणि कोमींकडे बोट करून म्हणाले की मी अ‍ॅटर्नी जनरल नाही, ते आहेत.

हे सगळं कोमींनी २००७ मध्ये सिनेटसमोर शपथेवर सांगितलंय. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी न्याय खात्याच्या सहीशिवायच कार्यक्रम चालू ठेवला. मग कोमी, एफबीआयचे संचालक मुलर आणि बाकी बरेच जण राजीनामे द्यायच्या तयारीत आले तेव्हा कुठे बदल करायचं कबूल झालं. आजारी माणसाची सही मिळाली असती तर आपल्याला यातलं काही कळलंही नसतं कदाचित.

तुमची मतं लिहा. विरोधी असली तर जास्त आवडेल.

---

कोकणकडा

लेख चांगला आहे पण मी दुसऱ्या बाजूचा. २६ नोव्हेंबर २००८ ला मी फोर्टला ऑफिसात होतो, रात्री सीएसटीवरून घरी जायचो ती लोकल मी त्या दिवशी अर्धा तास आधी पकडली म्हणून हे लिहितोय. हल्ला चालू असताना ताज आणि नरिमन हाउसमधल्या अतिरेक्यांना पाकिस्तानातून फोनवर सूचना मिळत होत्या आणि आपल्या लोकांनी ते फोन पकडून ऐकले, पुढे कसाबच्या खटल्यात तेच पुरावे म्हणून आले. तो आवाज टीव्हीवर ऐकलाय ना सगळ्यांनी, शांतपणे सांगतोय की ओलिसांना मारा म्हणून. त्यानंतर मला कुणी प्रायव्हसीबद्दल सांगायला लागलं की खरंच ऐकवत नाही. राष्ट्राध्यक्ष हा सेनापती असतो, त्याच्यावर जबाबदारी आहे, उद्या हल्ला झाला तर लोक न्यायाधीशाला विचारणार नाहीत, त्यालाच विचारणार. जबाबदारी त्याची तर अधिकारही त्याचाच पाहिजे. आणि ७०२ मुळे लोक वाचलेत, २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या सबवेत स्फोट करायला निघालेला झाझी पाकिस्तानातल्या ज्या ईमेल पत्त्याशी बोलत होता त्यावरच्या पाळतीमुळेच सापडला.

पाऊलवाट

@कोकणकडा, तुम्ही सुखरूप राहिलात, वाचून बरं वाटलं. त्या रात्रीबद्दल वाद घालायची माझी इच्छा नाही आणि गरजही नाही, कारण ते फोन पकडायला कुठलाच कायदा आड येत नव्हता. झाझीचंही मान्य, अमेरिकेत यावर देखरेख करायला एक स्वतंत्र मंडळ आहे, प्रायव्हसी अँड सिव्हिल लिबर्टीज ओव्हरसाइट बोर्ड, त्यांनीही २०१४ मध्ये ७०२ उपयोगी आहे असंच लिहिलं. पण त्याच वर्षी त्याच मंडळाने दुसऱ्या कार्यक्रमाबद्दल, म्हणजे एनएसएची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनमुळे बाहेर आलेल्या सगळ्या अमेरिकेच्या कॉल रेकॉर्डच्या साठ्याबद्दल, असं लिहिलं की त्यामुळे अतिरेकी हल्ल्याच्या एकाही तपासात ठोस फरक पडल्याचं आम्हाला आढळलं नाही. म्हणजे एक कामाचं आणि एक बिनकामाचं. आता हे कुणी शोधून काढलं? बाहेरच्या माणसांनी कागद मागून बघितले तेव्हा कळलं ना. एनएसएवर सोडलं असतं तर दोन्ही सारखेच जीव वाचवणारे होते.

आणि २६/११ चंच घेतलंत म्हणून सांगतो, २०१४ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांनी छापलं की लष्कर-ए-तोयबाचा तांत्रिक माणूस झरार शाह याच्या कॉम्प्युटरवर ब्रिटिश आणि भारतीय यंत्रणांची नजर हल्ल्याच्या आधीपासून होती आणि अमेरिकेकडे वेगळे इशारे होते, फक्त ते तुकडे वेळेत एकत्र आले नाहीत. माहिती होती हो. ती वाचून जोडणारं कुणी नव्हतं.

तारखेपेतारीख

मी वकिली करतो (इथली, अमेरिकेतली नाही) पण हा विषय आवडीने वाचलाय म्हणून थोडं कायद्याचं.

कोकणकडा म्हणतात तो सेनापतीचा युक्तिवाद बुश सरकारने जसाच्या तसा केला होता, की घटनेच्या दुसऱ्या कलमाने लष्कराची सूत्रं राष्ट्राध्यक्षाकडे आहेत, शिवाय सप्टेंबर २००१ मध्ये काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) बळाचा वापर करायला मंजुरी दिली त्यात पाळतही आली. ऐकायला बरोबर वाटतं. पण कोरियाच्या युद्धात ट्रुमननी नेमकं हेच म्हटलं होतं, एप्रिल १९५२ मध्ये पोलाद कारखान्यांत संप होणार, पोलाद नाही तर दारूगोळा नाही, म्हणून कारखानेच सरकारच्या ताब्यात घेतले. सुप्रीम कोर्टाने जूनमध्ये ६ विरुद्ध ३ ने ते रद्द केलं. त्यात न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी जे लिहिलं ते आजही सगळे वापरतात, की काँग्रेस पाठीशी असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षाची ताकद सगळ्यात जास्त, काँग्रेस गप्प असेल तेव्हा धूसर पट्टा, आणि काँग्रेसने नको म्हटलेलं करायला गेला तर ताकद सगळ्यात कमी. फिसामध्ये काँग्रेसने स्पष्ट लिहून ठेवलंय की अशी पाळत ठेवायचे हेच मार्ग, दुसरे नाहीत. म्हणजे बुश तिसऱ्या खान्यात बसतात.

१९७२ चा एक निकालही आहे, निक्सनच्या काळातला. देशातल्या देशात सुरक्षेसाठी टॅपिंग करायचं तर वॉरंट लागेल असं कोर्टाने एकमताने सांगितलं, एकाही न्यायाधीशाने विरोध केला नाही. पुढे १९७७ च्या मुलाखतीत निक्सन म्हणाले होते की राष्ट्राध्यक्षाने केलं की ते बेकायदेशीर नसतं. तोच हा सगळा वाद.

माझी खरी चीड दुसऱ्या गोष्टीवर आहे. ऑगस्ट २००६ मध्ये डेट्रॉइटच्या न्यायाधीश अ‍ॅना डिग्ज टेलर यांनी बुश यांचा कार्यक्रम घटनाबाह्य ठरवला, अमेरिकेत वंशपरंपरागत राजे नसतात असं निकालात लिहिलं. वर्षभरात वरच्या कोर्टाने निकाल फिरवला, आणि कार्यक्रम कायदेशीर आहे म्हणून नाही, तर तुमच्यावर पाळत होती हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही म्हणून. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ५ विरुद्ध ४ ने दुसऱ्या एका खटल्यात हेच केलं. यादी गुप्त आहे, यादीत नाव आहे हे दाखवल्याशिवाय दार उघडणार नाही, आणि यादी तर दाखवणार नाही. अशिलाला हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली असती तर मी काय सांगितलं असतं देव जाणे.

अबोली_ठाणे

पण ते गुप्त कोर्ट तरी काय करतं? १९७९ ते २०१२ मध्ये जवळपास ३४ हजार अर्ज मंजूर आणि ११ नामंजूर असं वाचलंय. हा रबर स्टँपच झाला की.

तारखेपेतारीख

तो आक्षेप बऱ्याच अंशी बरोबर आहे. समोर दुसरी बाजू मांडणारा वकील नसला की न्यायाधीश फक्त सरकारचं ऐकतो. २०१५ च्या फ्रीडम अ‍ॅक्टने बाहेरचे सल्लागार वकील नेमायची सोय केली, तीही मोजक्या प्रकरणांत. पण उलट बाजूने बघा, जे कोर्ट ३४ हजारांत ११ वेळा नाही म्हणतं, त्याच्याकडेसुद्धा जायचं नाही असं ज्या सरकारने ठरवलं, ते असं काय करत होतं की जे तिथेही चाललं नसतं?

गोरेगाव_टू_ग्लासगो

कायद्यातलं फारसं कळत नाही, साधा प्रश्न आहे. माझा भाऊ डॅलसला एच-वन-बीवर आहे आणि आईबाबा इथे. आम्ही कोण यात?

पाऊलवाट

फार महत्त्वाचा प्रश्न आणि आपल्यातल्या किती जणांना हे माहीतच नसतं. ७०२ मध्ये लक्ष्य करता येतो तो अमेरिकेबाहेर असलेला परदेशी माणूस, आणि परदेशी गुप्तवार्ता मिळवणं हा हेतू असायला लागतो. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले हे 'यूएस पर्सन', त्यांना लक्ष्य करता येत नाही. तुमचा भाऊ एच-वन-बीवर म्हणजे यूएस पर्सन नाही, पण डॅलसमध्ये आहे तोवर ७०२ खाली येत नाही, अमेरिकेत आहे म्हणून. तोच डिसेंबरात तीन आठवडे घरी आला की त्या तीन आठवड्यांत तो 'बाहेरचा परदेशी'. आणि आईबाबा तर कायमच. माझी आई कराडला असते, शनिवारी सकाळी तिला फोन करतो, गुडघा कसा आहे, मोटर दुरुस्त झाली का असलं बोलणं. तिच्यावर कुणी पाळत ठेवलीय असं अजिबात म्हणायचं नाही, २०२३ मध्ये जगभरात अडीच लाखांहून थोडी जास्त लक्ष्यं होती, त्यात ती कशाला असेल. पण चौथ्या घटनादुरुस्तीचं (विनाकारण झडती-जप्तीपासूनचं) संरक्षण तिला नाही, सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच बाहेरच्या परदेशी माणसाबद्दल तसं ठरवलंय. एप्रिल २०२४ मध्ये कायद्याला दोन वर्षांची मुदतवाढ देताना एक दुरुस्तीही झाली की अमेरिकेत यायला अर्ज करणाऱ्या परदेशी लोकांची छाननी करताना ७०२ च्या साठ्यात शोध घेता येईल. म्हणजे आईचा व्हिजिटर व्हिसासुद्धा.

सदाफुली

दोन्ही पक्ष सारखेच आहेत हो यात, सत्तेत नसताना ओरडतात. ओबामा सिनेटर असताना आधी विरोधात बोलले आणि जुलै २००८ मध्ये पाळतीला मदत करणाऱ्या टेलिकॉम कंपन्यांना मागच्या तारखेपासून माफी देणाऱ्या कायद्यालाच मत दिलं. रिपब्लिकन इतकी वर्षं पाळतीच्या बाजूने होते, मग ट्रम्प यांच्या प्रचारातल्या कार्टर पेज यांच्यावरच्या फिसा अर्जांत १७ चुका आणि त्रुटी सापडल्याचा न्याय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलचा (अंतर्गत तपासनिसाचा) अहवाल २०१९ मध्ये आला आणि एकदम त्यांना चौथी घटनादुरुस्ती आठवली. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या कोर्टाच्या आदेशात एफबीआयने ७०२ चा साठा २ लाख ७८ हजारांहून जास्त वेळा चुकीचा वापरल्याचं आहे, त्यात पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइड प्रकरणातले आंदोलक आहेत, ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरच्या हल्ल्यातले संशयितही आहेत आणि एका उमेदवाराला देणगी देणारे १९ हजार लोक आहेत. डावे-उजवे कुणी सुटलं नाही. २०२४ मध्ये अमेरिकन माणसाच्या नावाने शोध घ्यायला वॉरंट सक्तीचं करा अशी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात आली ती २१२ विरुद्ध २१२, बरोबरी झाली म्हणून पडली. एका मताने!! आणि वर पाऊलवाटनी त्या देखरेख मंडळाचं कौतुक केलंय, त्यातल्या तीन डेमोक्रॅट सदस्यांना जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी काढून टाकलं, मंडळाचा कोरमच गेला. ज्याच्यावर नजर ठेवायची त्यानेच नजर ठेवणाऱ्याला घरी पाठवायचं, मला तर हे टॅपिंगपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

अबोली_ठाणे

अवांतर होईल पण आपल्याकडे काय आहे? इथे तर न्यायाधीशाचा संबंधच नाही.

तारखेपेतारीख

खरंय. डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर फोन टॅपिंगचे नियम घालून दिले, केंद्रात किंवा राज्यात गृहसचिवाचा आदेश हवा, मग आढावा समितीने तो तपासायचा, पण समितीत सगळे सचिवच. सरकारने दिलेली परवानगी सरकारच तपासणार. वेगळा धागा काढा यावर, मी लिहीन.

जुनी_एक्सचेंज

माझं वय ७१. ३४ वर्षं टेलिफोन खात्यात काढली, बरीचशी एक्सचेंजमध्येच. धागा दोनदा वाचला. कायदा वकीलसाहेबांनी सांगितला, मी तांत्रिक बाजू सांगतो कारण ती कुणी लिहिली नाही.

आमच्या काळात एक फोन ऐकायचा म्हणजे एमडीएफवर (एक्सचेंजमधल्या सगळ्या लाइनी जिथे जोडलेल्या असतात ती चौकट) त्या नंबरची पेअर, म्हणजे तारांची जोडी शोधायची आणि तिथून जंपर, म्हणजे जोडवायर टाकून समांतर लाइन काढायची. एक नंबर, एक जंपर. हजार फोन ऐकायचे तर हजार जंपर, आणि तेवढी माणसं ऐकायला. त्यामुळे सरकारच्या मनात कितीही आलं तरी हात पुरायचे नाहीत. फायबर आलं आणि हे गेलं. सॅन फ्रान्सिस्कोत फॉल्सम स्ट्रीटवर एटी अँड टीच्या इमारतीत मार्क क्लाइन नावाचे तंत्रज्ञ होते, त्यांनी २००६ मध्ये कागदपत्रांसकट सांगितलं की सातव्या मजल्यावर फायबरला स्प्लिटर लावून त्याची प्रत सहाव्या मजल्यावर ६४१ए नंबरच्या खोलीत नेली होती आणि त्या खोलीत एनएसएने मंजूर केलेल्या तंत्रज्ञाशिवाय कुणाला जाता येत नव्हतं. स्प्लिटर म्हणजे काय, काचेतून जाणारा प्रकाश दोन वाटांना फोडायचा, बस. मी स्वतः हाताळलेत, तळहातावर मावतो. त्याला वीज लागत नाही, आवाज होत नाही आणि त्यातून एका नंबरचं जात नाही, त्या फायबरमधलं सगळंच जातं. निवडायचं काम नंतरचं. हे ज्याला कळलं त्याला वॉरंटचा मुद्दा लगेच कळतो, कारण हातांची मर्यादा गेल्यावर कागदाची तेवढी उरली.

क्वेस्ट नावाच्या कंपनीच्या माजी प्रमुखाच्या वकिलांनी २००६ मध्येच सांगितलं होतं की सरकारने कॉल रेकॉर्ड मागितले तेव्हा त्यांनी कोर्टाचा कागद मागितला आणि तो आला नाही म्हणून दिले नाहीत. वाचलं तेव्हा छान वाटलं होतं.

कोकणकडा

@जुनी_एक्सचेंज काका, एक विचारू? तुमच्याकडे कुणी कागद न घेता आलं होतं का कधी? आणि खरंच निकड असेल तर तुम्ही काय केलं असतंत?

जुनी_एक्सचेंज

आले होते एकदा. गावाचं नाव लिहीत नाही, साल १९९३, दंगलीनंतरचे दिवस. रात्री साडेनऊला जीप आली, दोघे साध्या कपड्यांत, एक नंबर लिहिलेली चिठ्ठी हातात. म्हणाले आत्ता जोडा, पत्र उद्या येईल, विषय गंभीर आहे. माणसं खोटी वाटत नव्हती, आणि वातावरण असं होतं की मलाही भीती वाटत होती, माझा हात जंपरच्या वायरकडे गेलासुद्धा होता. आमचे साहेब घरी होते, त्यांना फोन लावला. ते म्हणाले त्यांना खुर्ची दे, चहा दे, मी येतो. सायकलवर आले, त्या दोघांशी बोलले, मग आमच्याच फोनवरून त्यांच्या वरिष्ठांना गाठलं आणि म्हणाले, विषय गंभीर आहे तर रात्रीच सही घ्या की, आम्ही रात्रभर जागे आहोत, कुठे जात नाही. कुणी आवाज चढवला नाही. आम्ही चौघं एमडीएफच्या बाजूच्या टेबलावर बसून राहिलो.

पहाटे पावणेचारला माणूस पत्र घेऊन आला. साहेबांनी सही बघितली, नंबर चिठ्ठीशी ताडून बघितला, तर एक आकडा वेगळा होता. पत्रातला नंबर बरोबर होता. चिठ्ठीतला आमच्या गावातल्या एका शिंप्याच्या दुकानाचा होता.

जंपर मीच टाकला, पत्रातल्या नंबरवर.